ब्लिट्झ येतोय हे स्नॅपच्या आधीच कसं ओळखायचं: अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांसाठी

मी न्यू जर्सीत आलो तेव्हा पहिले दोन सीझन मला या खेळात फक्त माणसांचा ढीग दिसायचा. एकाने बॉल घेतला, चार जण त्याच्या अंगावर पडले, शिट्टी वाजली, परत सगळे रांगेत, आणि मधे जाहिराती. सोमवारी ऑफिसात लोक तावातावाने बोलायचे की अमक्या क्वार्टरबॅकला (बॉल टाकणाऱ्याला) ब्लिट्झ, म्हणजे त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं सोडणं, वाचताच आला नाही, आणि मी नुसती मान हलवायचो. मग आमच्या शेजारच्या आजोबांनी (ते पूर्वी एका शाळेत फुटबॉल शिकवायचे) एका रविवारी मला बसवून टीपॉयवर पिस्ते मांडले. पाच पिस्ते एका ओळीत, त्यांच्या मागे बाटलीचं झाकण म्हणजे क्वार्टरबॅक, आणि समोर बदाम म्हणजे डिफेन्स. चार बदाम पुढे सरकवले, ते पाच पिस्त्यांनी अडवले. मग मागून पाचवा बदाम आणला, मग सहावा, आणि विचारलं, ह्याला कोण अडवणार? मी म्हटलं कोणीच नाही. ते म्हणाले बरोबर, पण आता हा जिथून उठून आला ती जागा बघ. तिथे टीपॉयची रिकामी काच होती.

मला हा खेळ त्या दिवशी दिसायला लागला. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या रिकाम्या काचेबद्दल आहे, आणि तुमचे दोन सीझन वाया जाऊ नयेत म्हणून लिहिलंय.

बसण्याआधी एवढं जवळ ठेवा:

- मागे-पुढे करता येईल असा टीव्ही किंवा अ‍ॅप. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एक प्ले चार-पाच सेकंदात संपतो आणि पहिल्यांदा बघताना काही हाती लागत नाही
- एक वही आणि पेन
- जमलं तर वरून घेतलेलं शूटिंग ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, त्याला ऑल ट्वेंटी-टू म्हणतात. टीव्हीवरचा नेहमीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि मागचे लोक कापून टाकतो
- सोबत एक माणूस, शक्यतो तुमच्याइतकाच नवखा, म्हणजे दोघं मिळून अंदाज बांधता येतात

१. आधी माणसं मोजायला शिका

दोन्हीकडे अकरा-अकरा. ऑफेन्सकडे एक क्वार्टरबॅक, त्याच्यापुढे पाच जाडजूड माणसांची लाइन: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूला गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. हे पाच जण पास झेलायला जात नाहीत, त्यांचं काम फक्त अडवणं. उरले पाच, म्हणजे रिसीव्हर, टाइट एंड, रनिंग बॅक. हे पाचही पास घ्यायला पळू शकतात, किंवा यातला एखादा मागे थांबून अडवायला मदत करू शकतो. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड जायचं, गेलात तर परत चार मिळतात, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

डिफेन्सकडे पुढे लाइनवर साधारण चार, त्यांच्या मागे लाइनबॅकर, कडेला रिसीव्हरवर कॉर्नरबॅक, आणि सगळ्यात मागे दोन सेफ्टी. नेहमीच्या पासच्या वेळी डिफेन्सचे चार जण क्वार्टरबॅककडे धावतात आणि सात जण मागे पास अडवायला थांबतात.

हिशोब इथेच करून टाका. चार धावून आले तर पाच अडवणारे पुरतात, एक उरतोसुद्धा. पाच आले तर जोडीला जोडी. सहा आले आणि रनिंग बॅक थांबला नसेल तर एक माणूस मोकळा आहे, आणि तो क्वार्टरबॅकपर्यंत पोचणारच.

२. ब्लिट्झ म्हणजे काय आणि काय नाही

पाच किंवा जास्त लोक क्वार्टरबॅकवर सोडले की त्याला ब्लिट्झ म्हणायचं. नवखे लोक क्वार्टरबॅक पडला की ब्लिट्झ म्हणतात, ते चूक. चारच जणांनी नुसत्या ताकदीने पाडलं तर तो साधा रश. क्वार्टरबॅक बॉल हातात असताना लाइनच्या मागे पडला तर सॅक. सॅक ब्लिट्झमुळे होईलच असं नाही आणि ब्लिट्झ केला म्हणून सॅक मिळेलच असंही नाही.

क्रिकेट बघितलेल्या माणसाला हे पटकन कळतं. कॅप्टनने तीन स्लिप, गली आणि शॉर्ट लेग लावले की बॅट्समनला धडकी भरते, पण कव्हर रिकामा असतो आणि हे दोघांनाही माहीत असतं. ब्लिट्झमध्ये तेच होतं, फक्त इथे फिल्डर शेवटच्या सेकंदापर्यंत आपण कुठे जाणार ते दाखवत नाहीत.

प्रकार बरेच आहेत, सुरुवातीला तीन पुरेत. लाइनबॅकर येतो तो सगळ्यात नेहमीचा. सेफ्टी किंवा कॉर्नरबॅक येतो तो लांबून येतो म्हणून उशिरा पोचतो, पण बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. आणि झिरो ब्लिट्झ, ज्यात मागे एकही सेफ्टी राखणीला राहत नाही, सगळे रिसीव्हर एकास एक. झिरोमध्ये एक पास सुटला तर पुढे पकडायला कोणी नाही, थेट टचडाउन, म्हणजे बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये).

३. स्नॅपच्या आधी नजर कुठे ठेवायची

सेंटर बॉल पायातून मागे देतो तो स्नॅप. त्याच्या आधी क्वार्टरबॅक लाइनमागे उभा राहून हातवारे करतो, ओरडतो, आणि आपण तेव्हा चिप्स घ्यायला उठतो. तिथेच सगळं असतं, उठू नका.

एक नियम माहीत असू द्या. मागचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, कोच त्यात बोलतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद. (हेल्मेटवर हिरवा ठिपका म्हणजे त्यात रेडिओ. डिफेन्समधल्या एका खेळाडूलाही तो असतो आणि त्याचाही तेव्हाच बंद होतो.) म्हणजे शेवटचे १५ सेकंद क्वार्टरबॅकला कोणी सांगत नाही, जे बघायचं ते त्यानेच बघायचं. मला हे कळलं तेव्हा त्या ओरडण्याकडे बघायची माझी पद्धतच बदलली.

आता क्रमाने बघा. आधी सगळ्यात मागे, सेफ्टी किती? दोन खोल उभे असतील तर बहुतेक शांतता. एक असेल तर दुसरा कुठे गेला ते शोधा, तो हळूहळू पुढे सरकत असेल तर लाल दिवा. एकही नसेल तर झिरो येतोय असं धरून चाला.

मग लाइनबॅकर. सेंटर आणि गार्डच्या मधल्या फटीसमोर कोणी येऊन उभा आहे का? त्याचं वजन टाचांवर आहे की पायाच्या बोटांवर? हे टीव्हीवर दिसतं, खरंच दिसतं, पुढे झुकलेला माणूस वेगळा दिसतो. खोखोत पाठलाग करणारा उठायच्या आधी अंग कसं गोळा करतो, ते ज्याने पाहिलंय त्याला हे शिकवावं लागत नाही.

मग कडेचे कॉर्नरबॅक. रिसीव्हर समोर असूनही याचं लक्ष क्वार्टरबॅककडे आणि पाय आतल्या बाजूला वळलेले, तर हा येण्याची शक्यता आहे. आणि त्याच्या डोक्यामागे सेफ्टी हळूच त्या रिसीव्हरच्या दिशेने सरकतोय का बघा, कारण कॉर्नर आला तर त्याचा माणूस दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावा लागणार. ही सेफ्टीची सरक मला स्वतःला सगळ्यात भरवशाची खूण वाटते, कारण उभं राहण्याचं नाटक करता येतं, पण ज्याला दहा यार्ड लांबचा माणूस पकडायचाय त्याला आधी निघावंच लागतं.

शेवटी डाउन आणि अंतर. थर्ड डाउन आणि सात-आठ यार्ड हवेत, म्हणजे पास येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं, ब्लिट्झचा मोका तोच.

४. क्वार्टरबॅक त्याच वेळी काय करतो

तो एका लाइनबॅकरकडे बोट दाखवून माइक, माइक असं ओरडतो आणि त्याचा नंबर सांगतो. याचा अर्थ आपल्या लाइनने मोजणी इथून सुरू करायची, कोणी कोणाला अडवायचं ते यावरून ठरतं. हे बोट चुकीच्या माणसाकडे गेलं तर पाच अडवणारे असून दोघं एकाच माणसावर जातात आणि दुसरा मोकळा सुटतो. बऱ्याच सॅकचं कारण इथे असतं आणि आपण शिव्या घालतो बिचाऱ्या टॅकलला.

एखादा रिसीव्हर स्नॅपआधी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत किंवा पळत जातो, त्याला मोशन म्हणतात. त्याच्यामागे डिफेन्सचा एक माणूस पळत गेला तर एकास एक राखण, कोणी हललं नाही तर जागेची राखण. क्वार्टरबॅकने एक प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळालं असं समजा.

मग आवाजाचा खेळ. बॉल आता मागणार असं जोरात भासवायचं पण मागायचा नाही. ज्याच्या मनात ब्लिट्झ आहे तो तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकतो आणि सापडतो, आणि रेषा ओलांडून अंगावरच आला तर पाच यार्डांचा दंड. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यात उस्ताद होता, त्याचं ते ओमाहा ओमाहा ओरडणं फुटबॉल न बघणाऱ्यांनाही माहीत झालं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॉट रूट. ब्लिट्झ दिसला की ठरलेला रिसीव्हर आपला लांबचा रस्ता सोडून लगेच वळतो, आणि शक्यतो ब्लिट्झ करणारा माणूस जिथून उठला त्याच जागेत. म्हणजे बदाम उठला, रिकामी काच राहिली, बॉल त्या काचेवर. याला दोघांची नजर एक लागते. रिसीव्हरला ब्लिट्झ दिसला आणि क्वार्टरबॅकला नाही दिसला, किंवा उलटं, तर बॉल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो, आणि टीव्हीवर आपल्याला वाटतं किती वाईट पास टाकला.

५. स्नॅपनंतरचे अडीच-तीन सेकंद

आता सुद्धा बॉल बघू नका, लाइनच्या मधल्या भागाकडे बघा. कडेने येणाऱ्या माणसाला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकून चुकवू शकतो, तो मागून निघून जातो. मधून येणारा माणूस मात्र पुढे जायची वाटच बंद करतो, पाय रोवून टाकता येत नाही, आणि चांगल्या चांगल्या क्वार्टरबॅकची धांदल तिथेच उडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकलला इतका भाव.

मोकळा माणूस अंगावर येताना क्वार्टरबॅककडे रस्ते मोजकेच असतात. हॉट रूटवर लगेच टाकायचं आणि मार खायचा. किंवा स्क्रीन, म्हणजे येणाऱ्यांना मुद्दाम येऊ द्यायचं आणि त्यांच्या डोक्यावरून रनिंग बॅकला छोटा पास द्यायचा. किंवा पळायचं. किंवा बॉल फेकून द्यायचा, पण त्यालाही नियम आहे: टॅकलच्या मधल्या पट्ट्यात उभं राहून, जवळपास कोणी रिसीव्हर नसताना नुसता फेकला तर इंटेन्शनल ग्राउंडिंग, साधारण दहा यार्ड मागे आणि तो डाउनही गेला. स्वतःच्या एंड झोनमध्ये असं केलं तर समोरच्याला दोन पॉइंट. ५ फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये (सीझनची अंतिम मॅच) पेट्रियट्सच्या पहिल्याच प्लेला त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातून नेमकं हेच झालं, जायंट्सचा जस्टिन टक अंगावर आला आणि ब्रेडीने लांब जिथे कोणीच नव्हतं तिथे बॉल टाकला. जायंट्सला काही न करता २-० आघाडी, आणि मॅच त्यांनी २१-१७ जिंकली.

६. फसवा ब्लिट्झ, इथे सगळे फसतात

वरचं सगळं पाठ झालं की तुम्हाला वाटेल आता कळलं, आणि मग एक दिवस सहा जण लाइनवर उभे दिसतील, तुम्ही ओरडाल ब्लिट्झ, आणि स्नॅप होताच त्यातले तिघं मागे पळतील. क्वार्टरबॅकच्या डोक्यात मात्र घंटा वाजलेली असते, तो घाईने हॉट रूटवर टाकतो, आणि नेमका तिथेच मागे गेलेला माणूस उभा असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १ फेब्रुवारी २००९, टँपा, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध अ‍ॅरिझोना कार्डिनल्स, सुपर बोल. हाफ संपायला काही सेकंद, स्टीलर्स १०-७ पुढे, आणि कार्डिनल्स गोल लाइनच्या अगदी तोंडाशी. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, तोवर एक सुपर बोल जिंकलेला, बॉल झटकन सोडण्यात पटाईत. स्टीलर्सनी ब्लिट्झ दाखवला. जेम्स हॅरिसन कडेला असा उभा की हा येणारच. वॉर्नरने आत वळणाऱ्या रिसीव्हरकडे लगेच टाकला, जे कागदावर अगदी बरोबर होतं. हॅरिसन आलाच नाही, दोन पावलं पुढे करून मागे सरकला, बॉल त्याच्या हातात, आणि तो माणूस तिथून अख्खं मैदान, १०० यार्ड, पळत गेला आणि दुसऱ्या एंड झोनमध्ये जाऊन पडला. १७-७. शेवटी मॅच २७-२३ ने स्टीलर्सकडे. त्यांचा डिफेन्सचा कोच डिक लबो, झोन ब्लिट्झ नावाची ही फसवणूक ज्याच्या नावाशी कायमची जोडली गेली तो.

हा प्ले शोधा आणि दहा वेळा बघा. पहिल्या पाच वेळा फक्त हॅरिसनचे पाय. वॉर्नरने चूक केली असं म्हणणं सोपं आहे, पण स्नॅपच्या क्षणी त्याच्या जागेवरून जे दिसत होतं ते तुम्ही स्क्रीन थांबवून बघितलंत तर तुम्हीही तिथेच टाकाल.

आजच्या काळातलं बघायचं तर ब्रायन फ्लोरेस, २०२३ पासून मिनेसोटा व्हायकिंग्सच्या डिफेन्सचा कोच. लाइनवर सहा-सात-आठ जण आणून उभे करतो आणि त्यातले कधी सगळे येतात, कधी तीनच. नवख्या क्वार्टरबॅकचे हाल बघवत नाहीत.

७. सरावासाठी एकच मॅच घ्या: २ डिसेंबर १९८५, मायामी

माझा सल्ला, नव्या मॅचेस बघत बसण्याआधी ही जुनी मॅच घ्या, कारण यात स्टार क्वार्टरबॅक आणि बेफाम ब्लिट्झ दोन्ही निर्भेळ स्वरूपात आहेत.

शिकागो बेअर्स त्या दिवशी १२-० होते, म्हणजे बारा मॅच जिंकलेले, एकही हरलेले नाहीत. त्यांचा डिफेन्स बडी रायनचा, फोर्टी-सिक्स नावाचा, आणि ४६ हा माणसांचा आकडा नाही, डग प्लँक नावाच्या त्यांच्या सेफ्टीच्या जर्सीचा नंबर होता. यात सेंटर आणि दोन्ही गार्डच्या बरोबर समोर एकेक माणूस उभा करायचा, म्हणजे त्या तिघांना एकमेकांना मदत करता येत नाही, आणि एकूण आठ जण पुढे गोळा करून कुठूनही सोडायचे. लागोपाठच्या दोन मॅचेसमध्ये त्यांनी डॅलसला ४४-० आणि अटलांटाला ३६-० धुतलं होतं. समोर मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो, ज्याने आदल्या सीझनला, १९८४ ला, ४८ टचडाउन पास आणि ५,०८४ यार्ड टाकले होते, तोवर एवढं कोणी केलं नव्हतं. आणि मायामीच्या बाजूला त्यांची जुनी १९७२ ची टीम, संपूर्ण सीझन एकही मॅच न हरलेली, काही जण साइडलाइनवर हजर, कारण बेअर्सनी त्यांची बरोबरी करू नये ही त्यांची मनापासून इच्छा.

हाफ टाइमला स्कोअर मायामी ३१, शिकागो १०.

हे झालं कसं ते बघताना पिस्ते-बदाम डोळ्यांसमोर ठेवा. कोच डॉन शुला यांनी तीन वाइड रिसीव्हर लावले. फोर्टी-सिक्समध्ये आठ जण पुढे, म्हणजे तिसऱ्या रिसीव्हरवर, नॅट मूरवर, राखणीला लाइनबॅकरसारखा जड माणूस येणार. मूर त्यांना सोडून पळत राहिला. बेअर्सचा हेड कोच माइक डिटका म्हणत होता की एक लाइनबॅकर काढून एक जास्तीचा डिफेन्सिव्ह बॅक घाला, रायन ऐकायला तयार नाही, आणि हाफ टाइमला लॉकर रूममध्ये दोघं हातघाईवर यायच्या बेतात होते, हे त्या टीमच्या लोकांनीच नंतर सांगितलंय.

आणि मरिनोचा हात. बॉल कानापाशी गेला की सुटलाच, मागे घेऊन झोका वगैरे काही नाही. ब्लिट्झ करणारा पोचेपर्यंत बॉल पंधरा यार्ड पुढे. मायामीने त्याला एका जागी उभं पण ठेवलं नाही, अधूनमधून थोडं बाजूला सरकवून टाकायला लावलं, म्हणजे ज्या बिंदूवर सगळे धावून येतायत तिथे तो नसायचाच.

तुम्ही असं करा. पहिला क्वार्टर लावा, प्रत्येक पासच्या वेळी स्नॅपआधी थांबवा, वहीत लिहा: पुढे किती, मागे सेफ्टी किती, मूर कुठे आणि त्याच्यासमोर कोण. मग अंदाज लिहा बॉल कुठे जाईल. मग चालू करा. माझे पहिल्या वेळी निम्म्याहून कमी बरोबर आले होते, तिसऱ्या वेळी बरेच सुधारले.

मॅच ३८-२४ ने मायामीने जिंकली. बेअर्स त्या सीझनला फक्त हीच हरले, आणि जानेवारीत सुपर बोल ४६-१० ने जिंकले. ब्लिट्झ करणारा डिफेन्स वाईट होता असं कोणी म्हणूच शकत नाही. त्या एका रात्री समोरच्याकडे रिकामी काच बघणारा माणूस होता आणि तिथे वेळेत पोचणारा हात होता.

८. सगळ्यात भारी क्वार्टरबॅकवर ब्लिट्झ कमी का करतात

हे मला फार उशिरा समजलं. ज्याला हॉट रूट झोपेतही दिसतो, त्याच्यावर ब्लिट्झ करणं म्हणजे त्याला मोकळी जागा आपण होऊन देणं. म्हणून ब्रेडी किंवा कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्ससमोर शहाणे डिफेन्स चारच जणांनी धाक निर्माण करता येतो का ते आधी बघतात, म्हणजे मागे सात जण राहतात.

३ फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलला न्यू इंग्लंड पेट्रियट्स १८-० आले होते, ब्रेडीचे त्या सीझनला ५० टचडाउन पास, टीमचे ५८९ पॉइंट. जायंट्सच्या डिफेन्सचा कोच स्टीव्ह स्पॅग्नुओलो याने कधी ब्लिट्झ, कधी नुसते चार, पण त्या चारांत कडेला खेळणारा टक मधे आणून उभा केलेला, असं मिसळून खेळवलं. ब्रेडी पाच वेळा सॅक, पेट्रियट्सचे फक्त १४ पॉइंट, जायंट्स १७-१४. आणि ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, न्यू ऑर्लिन्सला, फिलाडेल्फिया ईगल्सनी महोम्सवर अख्ख्या मॅचमध्ये एकही ब्लिट्झ केला नाही, तरी सहा सॅक, ४०-२२. ती मॅच बघताना माझ्या घरी आलेले दोघं तिघं सारखे म्हणत होते केवढा ब्लिट्झ करतायत, आणि मी दर वेळी बोटाने मोजून दाखवत होतो, चार, चार, परत चार.

उलट बाजूही सांगतो. हाच स्पॅग्नुओलो आता कॅन्सस सिटीत आहे आणि मॅच गळ्याशी आली की तो हमखास माणूस सोडतो. २६ जानेवारी २०२५, बफलो बिल्स विरुद्ध, बिल्स तीन पॉइंट मागे, दोनेक मिनिटं उरलेली, फोर्थ डाउन आणि पाच यार्ड. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन याच्यावर कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी कडेने मोकळा आला. अ‍ॅलनने मागे पळत पळत कसाबसा टाकला, टाइट एंड डाल्टन किंकेडच्या हाताला लागून बॉल खाली. ३२-२९, बिल्स घरी. सेफ्टीची ती सरक शोधायला हा प्ले उत्तम.

९. नवख्यांच्या नेहमीच्या चुका

सॅकचा दोष लगेच लाइनला देऊ नका. आधी मोजा, सहा आले आणि अडवणारे पाच होते तर सहावा क्वार्टरबॅकच्या खात्यात, त्याने बॉल सोडायला हवा होता.

छोटा पास बघून हिरमुसू नका. थर्ड डाउनला दहा यार्ड हवे असताना चार यार्डाचा पास दिला की खोलीत लोक चिडतात, पण त्यामागे कदाचित सहा जण धावून येत होते आणि तो चार यार्डाचा पास नसता तर दहा यार्ड मागे सॅक होता.

क्वार्टरबॅकला बॉल सोडल्यानंतर उशिरा किंवा डोक्यावर मारलं तर रफिंग द पासर, १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. ब्लिट्झ यशस्वी झाला असं वाटून नाचायच्या आधी मैदानावर पिवळा रुमाल पडलाय का बघा.

कॉमेंटेटरवर विसंबू नका, ते गर्दीच्या आवाजात कधीकधी चारच्या रशला पण ब्लिट्झ म्हणून जातात. वरून घेतलेला रिप्ले आला की स्वतः मोजा.

आणि एका दिवसात सगळं बघायचा प्रयत्न करू नका. पहिला आठवडा फक्त सेफ्टी मोजा, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात लाइनबॅकरचे पाय. माझ्या बायकोने असंच केलं आणि तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, डावीकडचा येतोय. तो आला.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ: न्यू जर्सीत रविवारी दुपारी एकला सुरू होणारी मॅच तुमच्याकडे रविवारी रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला, तेव्हा त्या दिवशीची सकाळची मीटिंग आधीच हलवून ठेवा. थोडे पिस्ते-बदाम पण आणून ठेवा, पाच पिस्ते, अकरा बदाम, आणि बाटलीचं एक झाकण.